हॉलमधल्या रीफ टँकचे दिवे : निवड, टांगणी आणि मोजणी

५ जानेवारी २०२५, रविवार

रीफ टँक, म्हणजे मासे आणि कोरल ठेवायची खाऱ्या पाण्याची काचेची टाकी, ३६ बाय २० इंच, उंची १८. काच १० मिलिमीटरची, वरून पूर्ण उघडा. काठोकाठ भरला तर २१० लिटर. दगड-वाळू वजा जाता पाणी पावणेदोनशेच्या आसपास. संप, म्हणजे फिल्टर आणि पंपांची दुसरी टाकी, खाली कॅबिनेटमध्ये. सायकल, म्हणजे पाणी शुद्ध ठेवणारे जिवाणू टँकमध्ये रुजणं, पूर्ण झाली, अमोनिया आणि नायट्राइट शून्य, क्लाउनफिशची जोडी रुळलीय. आता दिव्यांचं बघायचं. सध्या वरच्या फॉल्स सीलिंगमधला डाउनलाइट लावून ठेवते, मासे दिसतात, बस.

दिवे बघायच्या आधी टँकमध्ये काय ठेवायचं ते कागदावर लिहून काढलं. दगडी कोरल, म्हणजे ज्यांचा चुन्याचा टणक सांगाडा बनतो ते, २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची १ मध्ये आहेत. काळं कोरल, फायर कोरल, ऑर्गन पाइप आणि समुद्रपंखेही त्याच यादीत. वाघ ज्या अनुसूचीत आहे तीच ही. तेव्हा ॲक्रोपोरा वगैरे दगडी कोरलचा विषय माझ्यापुरता बंद. ठेवायचे ते सॉफ्ट कोरल: झोअँथिड, मशरूम, एखादं लेदर, जमलं तर मागच्या काचेवर ग्रीन स्टार पॉलिप.

या एका निर्णयाने दिव्याचं निम्मं काम झालं. कोरलच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहतं, झूक्सँथेली. ते प्रकाशावर साखर तयार करतं आणि त्यातला मोठा वाटा कोरलला देतं. म्हणजे दिवा लावायचा तो या शैवालासाठी. प्रकाशसंश्लेषणाला उपयोगी प्रकाश, ४०० ते ७०० नॅनोमीटरच्या पट्ट्यातला, त्याला ‘पार’ म्हणतात. दर सेकंदाला एका चौरस मीटरवर किती मायक्रोमोल फोटॉन पडले हे त्याचं माप. ॲक्रोपोरावाले २५० ते ३५० पारच्या गोष्टी करतात. मशरूमला ५० पुरतात, झोअँथिड ८० ते १२० मध्ये खूश असतात, लेदरला १५० मिळाले तरी चालतं. माझं लक्ष्य वाळूवर ५० ते ७० आणि दगडाच्या माथ्यावर १५०. याहून जास्त मला नकोच आहे.

११ जानेवारी, शनिवार

निगडीच्या काकांकडे गेले होते. या नादात मला ओढलं ते त्यांनीच. मी विचारलं, “काका, किती वॅटचा घेऊ?” तर म्हणाले, “वॅट राहू दे गं, टँकची रुंदी किती ते सांग आधी.” वीस इंच म्हटल्यावर मान हलवली. “मग एका दिव्यात तुझं भागणार नाही.”

त्यांच्या माळ्यावर दिव्यांचा सगळा इतिहास पडलाय. आधी २५० वॅटचा मेटल हॅलाइड, १४,००० केल्विनचा, छतातून साखळीला टांगलेला. प्रकाश अप्रतिम, पाण्यावरची लहर थेट समुद्रातल्यासारखी वाळूवर नाचायची. पण त्याची उष्णता इन्फ्रारेडने सरळ पाण्यात उतरते. एप्रिल-मे मध्ये दिव्याने तापवायचं आणि चिलरने थंड करायचं, दोन्हीचं बिल भरायचं. नंतर टी-फाइव्ह नळ्या: तीन फुटी टँकला ३९ वॅटच्या. एकसारखा प्रकाश पडावा तर तो टी-फाइव्हचाच, हे काका अजून मानतात. फक्त नळ्या नऊ महिने ते वर्षात बदलाव्या लागतात, कारण डोळ्यांना तेवढ्याच उजळ दिसल्या तरी त्यांचा प्रकाश कमी झालेला असतो आणि रंगही सरकलेला असतो. चांगली निळी नळी वेळेवर मिळण्याची खात्री नसेल तर त्या भानगडीत पडू नये.

मग एलईडी. निळा एलईडी शोधणाऱ्या आकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं ते घरातल्या पांढऱ्या दिव्यांसाठी, पण जगभरच्या रीफवाल्यांनी मनातून त्यांना केव्हाच दिलं होतं. ४५० नॅनोमीटरचा रॉयल ब्लू एलईडी झूक्सँथेलीच्या क्लोरोफिल ए, क्लोरोफिल सी-टू आणि पेरिडिनिन या रंगद्रव्यांना अगदी मानवतो.

निळंच का, हा प्रश्न आईने घरी विचारला होता. (“हॉलमध्ये डान्स बार करणार आहेस का?”) पाणी लाल प्रकाश आधी गिळतं, दहा-एक मीटरवर लाल जवळपास संपतो, निळा खोलवर जातो. विजयदुर्गापासून शंभरेक किलोमीटर आत समुद्रात आंग्रिया बँक आहे, कान्होजी आंग्र्यांच्या नावाची. पाण्याखालचं पठार ते. माथाच साधारण वीस मीटरवर. तिथल्या कोरलना सूर्य दिसतो तो निळाच. माझ्या टँकमध्ये पाणी जेमतेम दीड फूट, तेवढ्यात पाणी काही गाळून घेत नाही. म्हणून ते काम दिव्यानेच करायचं.

१९ जानेवारी, रविवार

पर्याय तीन उरले.

पहिला, मधोमध एकच १६५ वॅटचा चौकोनी डबा, त्यात तीन-तीन वॅटचे एलईडी आणि प्रत्येकावर भिंग. सगळ्यात स्वस्त. ९० अंशांची भिंगं प्रकाश खाली दाबतात: मध्ये भरपूर, टोकांना अंधार. शिवाय वेगवेगळ्या रंगांचे ठिपके वाळूवर वेगवेगळे दिसतात.

दुसरा, केसिलचे दोन ए३६०एक्स, ९० वॅटचे. सगळे एलईडी एकाच जागी दाटीने बसवलेले, त्यामुळे हॅलाइडसारखी लहर दिसते आणि रंग मिसळून येतात. हे घ्यावेत असं मनापासून वाटत होतं. खिशाने नाही म्हटलं.

तिसरा, दोन साधे चौकोनी दिवे, तेही ९० वॅटचेच. निळा, व्हायोलेट आणि पांढरा वेगवेगळा कमी-जास्त करता येतो, भिंग १२० अंशांचं, वर दुधी ॲक्रिलिकची पट्टी. दिसायला ऑफिसातल्या दिव्यासारखे. हेच घेतले. दुकानदाराने पुण्यातच दुरुस्ती करून देतो म्हटलं आणि सुटा ड्रायव्हरही (एलईडीला वीज पुरवणारा डबा) दाखवला, यावर माझा निर्णय झाला. दिव्यात पहिलं जातं ते ड्रायव्हर नाहीतर पंखा. एलईडी बहुतेक तसाच असतो.

दोन दिव्यांचा फायदा नुसता पसरण्याचा नाही. दगडाचा कंगोरा पुढे आला की एका दिव्यात त्याच्या मागे काळोख पडतो आणि तिथलं कोरल हळूहळू मान काढून बाजूला वळतं. दोन दिशांनी प्रकाश आला की ती सावली फिकट होते. ३६ इंचांचे दोन भाग केले, प्रत्येकाच्या मध्यावर एक दिवा: डावीकडून ९ इंचांवर आणि २७ इंचांवर.

२६ जानेवारी, रविवार

टांगायचे कसे, यावर बाबांशी दिवसभर वाद. बाबा पिंपरीच्या कंपनीत टूलरूमला होते, निवृत्त झाले तरी हात शिवशिवतात. त्यांना कॅबिनेटच्या मागून वर येणारी चौकोनी पाइपची कमान हवी होती: “वेल्ड करून घेऊ, हलणार नाही.” मला उंची बदलता यायला हवी होती. दिवा आठ इंचांवर ठेवायचा की बारा, हे मोजल्याशिवाय कळत नाही, आणि कोरल वाढले की पुन्हा बदलतं. त्यात टँकच्या मागे हात घालायला जागा हवी. खारं पाणी अंगावर घेणारा वेल्डचा जोड मला मान्य नव्हता.

भिंतीत ब्रॅकेट मारायचा विचार एका मिनिटात सोडला. आमच्या बिल्डिंगच्या भिंती सिपोरेक्सच्या. हलका ठोकळा, खिळासुद्धा हाताने आत जातो आणि तेवढ्याच सहज बाहेर येतो. त्यावर फूटभर पुढे आलेलं वजन, तेही पाण्यावर टांगलेलं, नकोच.

उरला स्लॅब. कोपऱ्यात दोन घडवंच्या मांडून त्यावर कपडे वाळत घालायचा दांडा आडवा टाकला, त्याला दोरीने रेलच्या मापाची लाकडी पट्टी टांगली, पट्टीला दोन्ही दिवे बांधले. पंखा तीनवर केला. पट्टी पुढे-मागे झुलायला लागली, थांबेचना. हॉलमध्ये उन्हाळाभर पंखा चालणार, म्हणजे दिवेही उन्हाळाभर झुलणार.

बाबा थोडा वेळ बघत राहिले. मग दोन्ही टोकांच्या सरळ दोऱ्या सोडल्या आणि प्रत्येक टोकाला दोन-दोन दोऱ्या बांधल्या: खाली पट्टीवर एकाच जागी गाठ, वर फूटभर फाकवलेल्या, एक भिंतीकडे, एक हॉलकडे. पंखा पाचवर केला. पट्टी जागची हलली नाही. उभ्या दोरीला टांगलेली वस्तू झुल्यासारखी जाते. तिरक्या दोन दोऱ्यांत ती पुढे जायला बघते तेव्हा मागची ताणते, मागे जायला बघते तेव्हा पुढची. दोऱ्या वर लांबीच्या दिशेनेही थोड्या बाहेर काढल्या, की डावं-उजवं हलणंही कमी होतं. म्हणजे स्लॅबला चार भोकं. कमानीचा विषय बाबांनी स्वतःच मिटवला.

१ फेब्रुवारी, शनिवार

इलेक्ट्रिशियन दादा सीलिंग बघून गेले. टँक ज्या भिंतीला आहे तिथे वर दोन फूट रुंद फॉल्स सीलिंगची पट्टी आहे, जिप्सम बोर्डाची, स्लॅबपासून आठ इंच खाली. नवखे लोक या बोर्डालाच स्क्रू मारून मोकळे होतात. बोर्ड पेलतो तो स्वतःला आणि डाउनलाइटला, त्यापलीकडे त्याच्यावर विसंबू नये.

दादांनी डाउनलाइटच्या स्प्रिंगा दाबून तो खाली ओढला आणि त्या भोकातून फोन आत घालून व्हिडिओ काढला. टॉर्चच्या उजेडात स्लॅबचा खालचा पृष्ठभाग, जीआयच्या चॅनेलच्या पट्ट्या, डाउनलाइटची वायर आणि एका कडेने भिंतीकडे गेलेली पीव्हीसी पाइप, सगळं दिसलं. स्लॅबच्या आतले कंड्युट, म्हणजे वायरींचे पाइप, मात्र असे दिसत नाहीत. पंख्याच्या हुकाच्या डब्यापासून स्विचबोर्डाच्या भिंतीपर्यंत ते जातात. आमचं स्विचबोर्ड समोरच्या भिंतीला, म्हणजे टँकच्या डोक्यावरून ती वाट जात नाही. तरी दादांनी हुकाच्या डब्याचं झाकण काढून पाइपची तोंडं कुठल्या दिशेला आहेत ते बघितलं. दोन तोंडं, दोन्ही स्विचबोर्डाकडे. चार खुणा केल्या.

सामान. तपकीर गल्लीत ऑफिसच्या लांब एलईडी पट्ट्या टांगायचं सस्पेन्शन किट मिळतं: बारीक स्टीलची तार आणि पितळी ग्रिपर, दाबला की तार सरकते, सोडला की घट्ट. उंची बदलायला याच्याइतकं सोपं काही नाही. किटमधली तार मात्र बाजूला ठेवली आणि २ मिलिमीटरची ३०४ स्टीलची वेगळी घेतली. ग्रिपरही त्या मापाचे निवडून घेतले. दुकानात मी खिशातलं चुंबक लावून बघत होते, तार किंचित चिकटली. “फसवतायत का हो?” म्हणून बाबांना फोन केला. म्हणाले, “ओढून काढलेली ३०४ ची तार थोडी चिकटतेच, बिनधास्त घे.”

रेल: २० बाय ४० ची ॲल्युमिनियम प्रोफाइल, ३२ इंच. बाबांच्या ओळखीच्या भोसरीच्या वर्कशॉपमध्ये कापून घेतली. खालच्या खाचेत टी-नट सरकतात, म्हणजे दिवे डावी-उजवीकडे हवे तिथे नेता येतात. ॲल्युमिनियमला स्टीलचा स्क्रू लागतो तिथे मध्ये नायलॉनचा वॉशर. मिठाची हवा असली की या दोन धातूंचं आपसांत जमत नाही, ॲल्युमिनियम पांढरं होऊन झिजतं.

८ फेब्रुवारी, शनिवार

ड्रिलिंग. सोसायटीच्या नियमाप्रमाणे सकाळी दहानंतर. दुपारी एक ते चार पुण्यात ड्रिल चालवायचं धाडस आमच्यात नाही.

टँक भरलेला, त्यामुळे आधी त्यावर जाड प्लास्टिक, त्यावर जुनी चादर. सिमेंटची पूड अल्कलीयुक्त असते, पाण्यात नको. हीटर आणि मोठे पंप बंद, एक एअर स्टोन चालू ठेवला.

बाबांनी आठ नंबरचे ड्रॉप-इन अँकर (भोकात ठोकले की आत फाकून घट्ट बसणारे) आणले होते. माझ्या मते सहाचे पुरेसे होते: दोन दिवे, रेल, ब्रॅकेट मिळून वजन चार किलो, ते चार अँकरांवर. “डोक्यावर टांगायचं म्हटलं की आठच्या खाली यायचं नाही,” यावर चर्चा संपली. एम-८ ड्रॉप-इनला भोक १० मिलिमीटरचं, अँकरची लांबी ३० मिलिमीटर. पण स्लॅबला खालून प्लास्टर असतं आणि ते धरून ठेवण्याच्या कामाचं नाही. म्हणून भोक प्लास्टर सोडून पुढे काँक्रीटमध्ये तीस मिलिमीटर. ड्रिलचा आवाज आणि पुडीचा रंग दोन्ही बदलतात: प्लास्टरला मऊ, काँक्रीटला कर्कश आणि करडी पूड.

तिसऱ्या भोकाला सळई लागली. ड्रिल पुढे जाईना, पूड येणं थांबलं, टोकाशी चकचकीत धातू दिसला. आयएस ४५६ प्रमाणे घरातल्या स्लॅबच्या सळईवर काँक्रीटचं आवरण साधारण २० मिलिमीटर असतं, त्यामुळे तीस खोल गेलं की कधीतरी ती भेटणारच. तिथे जोर लावायचा नाही. दीड इंच भिंतीकडे सरकून नवीन भोक घेतलं, जुनं सिमेंटने बुजवलं. तार थोडी जास्त तिरकी झाली एवढंच.

पूड पडू नये म्हणून दादांनी कागदी चहाच्या कपाच्या बुडाला भोक पाडून तो ड्रिलच्या बिटवर चढवला, कप तोंडाशी आला की पूड त्यातच. बोर्डावरची उरलेली व्हॅक्युमने ओढली. भोकं साफ करून अँकर ठोकले, सेटिंग पंचने आतला दट्ट्या बसवला, एम-८ चा थ्रेडेड रॉड फिरवून बोर्डाखाली इंचभर बाहेर काढला, त्याला आय-नट, वर स्टीलची चकती. बाबांनी प्रत्येकाला स्वतः लोंबकळून बघितलं. आईने त्या वेळी स्वयंपाकघरातून बाहेर यायचं टाळलं.

९ फेब्रुवारी, रविवार

रेल वर चढली. ग्रिपरने चारही तारा सारख्या करून पाणसळ लावली. दोन्ही दिव्यांना रेलपासून एक-एक जादा तार, सैल, म्हणजे ब्रॅकेट सुटलं तरी दिवा पाण्यात पडणार नाही.

वायरिंग दादांनी केलं. ड्रायव्हर कॅबिनेटच्या बाजूला, पाण्याच्या पातळीपासून लांब आणि फळीवर. दिव्याची वायर तारेबरोबर वर जाते, सीलिंगवरून भिंतीला येते आणि खाली उतरते. प्लगपाशी यायच्या आधी तिला पोट सोडलंय, पाणी ओघळलं तर त्या पोटाच्या टोकावरून खाली गळेल, सॉकेटमध्ये शिरणार नाही. टँकच्या लाइनवर स्वतंत्र ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की लाइन तोडणारा स्विच. खाऱ्या पाण्यात हात घालणाऱ्या प्रत्येकाच्या घरी हा असायलाच हवा. दिव्यांच्या बजेटमध्ये तो बसत नसेल तर स्वस्त दिवा घ्यावा.

१६ फेब्रुवारी, रविवार

काकांचा पार मोजायचा मीटर आणला, अपोजीचा एमक्यू-५१०, पाण्याखाली चालणारा. एका दांडीच्या टोकाला पांढरी टिकली असलेला सेन्सर, तो सपाट धरून वाचायचा. पंप बंद केले, नाहीतर पाणी हललं की आकडा नाचतो.

आधी फोनवरच्या लक्स ॲपचा निकाल लावला. फक्त निळा चॅनेल लावला: मीटरवर १२० पार, ॲपवर लक्स इतके कमी की बेडरूममध्ये वाचायला बसू नये. पांढरा लावला आणि पार तेवढाच ठेवला, लक्स कितीतरी पट वाढले. लक्स हे माणसाच्या डोळ्याचं माप आहे, ५५५ नॅनोमीटरच्या हिरव्या-पिवळ्याला सगळ्यात जास्त किंमत देणारं. निळ्या दिव्याखाली ते काही कामाचं नाही.

मग एकाच दिव्यावर उंचीचा खेळ, टक्केवारी तीच ठेवून. पाण्यापासून ८ इंचांवर: दिव्याच्या बरोबर खाली, दगडाच्या माथ्याला २९०, टँकच्या जवळच्या टोकाला ४०. १२ इंचांवर: खाली १९०, टोकाला ६५. चार इंच वर नेल्याने मधला शंभरने उतरला आणि टोक दीडपटीहून वर गेलं. हाच बदल वॅट वाढवून होत नाही. टक्केवारी वाढवली की दोन्ही एकाच प्रमाणात वर जातात आणि दगडाचा माथा आणखी भाजतो. या चार इंचांसाठी ग्रिपर आणि तारा होत्या.

आणखी वर, १६ इंचांवर नेऊन बघितलं. टँकमध्ये एकसारखेपणा वाढला खरा, पण सोफ्यावर बसलं की एलईडी थेट डोळ्यांत येतात आणि समोरची भिंत निळी होते. बारावर पक्कं केलं.

दोन्ही दिवे लावून वाळूवर पाच उभ्या आणि तीन आडव्या ओळींत मोजलं, कागदावर टँकचा आराखडा काढून आकडे भरले. निळा आणि व्हायोलेट ५५ टक्के, पांढरा १५ टक्के: दगडाच्या माथ्यावर १४० ते १५५, मधल्या कप्प्यात ९५ ते ११०, वाळूवर ६० ते ७५, पुढच्या दोन कोपऱ्यांत ४५. कंगोऱ्याच्या मागे, जिथे एका दिव्यात १८ मिळाले होते, तिथे आता ४८. कोपरे मशरूमना.

एक गंमत: काचेवर आतून मिठाचा आणि शैवालाचा पातळ थर होता तो पुसला, तर कडेचे आकडे तीन-चारने वाढले. काच स्वच्छ असली की थोडा प्रकाश आत परत येतो.

२३ फेब्रुवारी, रविवार

वेळापत्रक. निळा सकाळी ११ ला हळूहळू वर, दुपारी १ ते ८ पूर्ण, १० ला बंद. सकाळी सहाला सुरू करून कुणासाठी दाखवायचं? आम्ही घरी असतो ते संध्याकाळी. कोरलना दहा-बारा तासांचा दिवस लागतो, तो कुठल्या तासांचा हे त्यांना ठाऊक नाही. खिडकीतून टँकवर थेट ऊन येत नाही, हे आधीच बघून जागा निवडली होती.

प्लगमध्ये वीज मोजायचा छोटा मीटर लावला: पूर्ण वेळेत दोन्ही मिळून ९६ वॅट, दिवसाला पाऊण युनिट, महिन्याला बावीस-तेवीस. बाबांनी वहीत लिहून ठेवलं.

सुरुवात मात्र ५५ ने करणार नाही. दुकानातल्या मंद उजेडातून आलेलं कोरल एकदम इथे ठेवलं तर पांढरं पडतं. ३० टक्क्यांपासून, दर आठवड्याला थोडं-थोडं.

९ मार्च, रविवार

पहिले कोरल आले: तीन रंगांचे झोअँथिड, दोन लाल मशरूम, एक छोटं टोडस्टूल लेदर. झोअँथिडच्या काही जातींत पॅलीटॉक्सिन असतं, अत्यंत जहाल. हातमोजे आणि चष्म्याशिवाय हात लावायचा नाही, दगड घासायचा नाही. हे दुकानात कोणी सांगत नाही.

मशरूम कोपऱ्यात, झोअँथिड मधल्या कप्प्यात. लेदर माथ्यासाठी आहे, पण सध्या खाली वाळूजवळ.

२० मार्च, गुरुवार

दुरुस्तीसाठी दिवसभर वीज नाही, गुरुवारचा वार. इन्व्हर्टरवर फक्त रिटर्न पंप (संपमधलं पाणी वर पाठवणारा) आणि एक वेव्हमेकर (टँकमधलं पाणी हलतं ठेवणारा) ठेवलाय. दिव्यांना बॅकअप देणार का, असं शेजारच्या काकूंनी विचारलं. नाही. ढगाळ दिवस समुद्रातही असतो. एक दिवस अंधारात कोरलला काही होत नाही. पाणी थांबलं तर मात्र प्राणवायू काही तासांत संपतो.

३० मार्च, गुढीपाडवा

टक्केवारी ५० वर आली. झोअँथिडची देठं आधी लांबली होती, प्रकाश कमी पडतोय याची ती खूण. आता आखडून बसकी झालीत आणि काठावर नवीन दोन तोंडं फुटलीत. एक मशरूम कडेने वर वळलं, मोजलं नव्हतं तरी कळलं की त्याला जास्त होतंय. दगडाच्या आडोशाला सरकवलं, संध्याकाळपर्यंत पुन्हा पसरलं.

लेदर मध्यावर चढवलं. त्यानंतर त्याने तोंड मिटलं आणि अंगावर मेणासारखी चकचकीत कात आली. मेलं की काय म्हणून आई रोज बघून जाते. लेदर अधूनमधून कात टाकतं; त्याच्यावर पाण्याचा झोत थोडा वाढवून ठेवलाय म्हणजे ती लवकर सुटेल. दिव्याला हात लावलेला नाही.

२० एप्रिल, रविवार

बाहेर पारा चाळिशीला टेकलाय. टँक २७.४ अंशांवर, संपवर दोन छोटे पंखे लावलेत, त्यामुळे पाणी जास्त उडतं आणि टॉप-अपची, म्हणजे उडालेल्या पाण्याच्या भरपाईची, बादली रोज भरावी लागते. दिवे चालू आणि बंद असताना पाण्यात फरक ०.३ अंशांचा. दिव्यांची उष्णता वरच्या हीटसिंकमधून खोलीत जाते, ती टँकमध्ये उतरत नाही. काकांना फोन करून आकडा सांगितला. ते चिलरची जुनी बिलं आठवून हळहळले.

लेदरची कात निघाली, आता माथ्यावर आहे, तोंडं पूर्ण बाहेर. सेटिंग ५५ आणि १५, आता हलवणार नाही.

देखभालीत दिव्यांचे पंखे उघडून ब्रशने साफ केले. जाळीवर मीठ आणि धूळ मिळून राखाडी लगदा बसला होता. उजव्या दिव्याचा पंखा बातम्यांच्या वेळी घरघरत होता, ते बंद झालं. चारही तारांवर ग्रिपरच्या वर कायम मार्करने खूण केलीय. साफसफाईला रेल खाली घेतली की परत नेमकी त्या उंचीला जाते. रॉड आणि आय-नट ठीक. खिडकीकडच्या पुढच्या ग्रिपरचा मुलामा सुटून हिरवट डाग पडलाय, तो पावसाळ्याआधी बदलायचा. तपकीर गल्लीतून या वेळी चारही स्टीलचेच आणायचे, मिळाले तर. मीटर काकांकडे परत केला. ग्रीन स्टार पॉलिप मागच्या काचेवर लावला की पुन्हा मागायचा, कारण त्या काचेवरचे आकडे अजून घेतलेले नाहीत.